इंदापूरला मुक्काम करायचा तर

आपल्याकडे ‘हॉटेल’ अशी पाटी दिसली म्हणजे आत राहायला खोली असेलच असे नाही. बहुतेक ठिकाणी मिळतो तो चहा नि जेवण. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण ओलांडले की अशा पाट्यांची रांगच लागते. तेव्हा इंदापूरला हजरत चाँदशाहवली यांच्या दर्ग्यावर जियारतीसाठी सहकुटुंब निघणार असाल तर पाटीवर ‘लॉजिंग’ हा शब्द आहे का ते बघा, आणि आधी फोन करून विचारा: तळमजल्यावर खोली आहे का? पहाटे वजूला गरम पाणी मिळेल का? कमोड आहे का?

आमच्या अम्मीचे गुडघे धरलेले. मागच्या खेपेला एका लॉजवाल्याने लिफ्ट आहे म्हणून सांगितले. लिफ्ट होती, पण बंद! तीन जिने चढून अम्मी जी पलंगावर बसली ती दुसऱ्या दिवशी उठूच शकली नाही. आम्ही दर्ग्यावर फातिहा पढून आलो. ज्या जियारतीसाठी ती घरातून निघाली होती, तिच्या वेळी ती खिडकीत बसून रस्ता बघत होती. यंदा तळमजला मिळाल्यावरच बॅगा भरल्या. उरुसाच्या दिवसांत मात्र अशी निवड करायला वाव नसतो, खोली बरीच आधी सांगून ठेवावी.

इंदापूरला आलात तर मालोजीराजे भोसले यांची गढीही बघावी. शिवाजी महाराजांचे हे आजोबा निजामशाहीचे सरदार होते, इंदापूरच्याच लढाईत ते पडले. अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या दुआने मुलगे झाले म्हणून त्यांनी एकाचे नाव शहाजी आणि दुसऱ्याचे शरीफजी ठेवले, अशी कथा आहे. मुलांना ती गढीपाशी उभे करून सांगावी, चांगली लक्षात राहते.

बारामतीत लॉज जास्त, दवाखाने जवळ, दौंडहून रेल्वेही येते. कऱ्हेकाठच्या या गावात कवी मोरोपंतांचे (1729-1794) बहुतेक आयुष्य गेले. पण तिथून इंदापूर पन्नासेक किलोमीटर. थंडीत साखर कारखाने चालू असतात, अंधारात उसाच्या ट्रॉल्या पुढे असतात आणि कित्येकींना मागे दिवाच नसतो. म्हातारे माणूस बरोबर असेल तर मगरीबनंतर हा रस्ता नकोच.

परतताना भिगवणला थांबावे. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, कुंभारगावचे मच्छीमार होडीतून दाखवायला नेतात. जेवणात इथली मासळीच मागवावी, म्हणजे मटण हलाल आहे की नाही हे विचारण्याचा प्रश्न राहत नाही. अम्मीला होडीत बसवताना दोघांनी हात धरला. रोहित उडाले तेव्हा ती आम्हालाच म्हणाली, “गप बसा, आवाज करू नका.”