कान तुटलेला कप

गणपतीच्या सुट्टीतली गोष्ट. मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसलो होतो आणि शेजारी आमचे कॉलेजात जाणारे चिरंजीव व्हिडिओ गेम खेळत होते. नेरूळच्या दोन खोल्यांत प्राध्यापकाला वेगळी अभ्यासिका कुठली असायला!

"बाबा, हा दुकानदार मला हाकलतोय!"

मी चष्मा वर केला. २०१६ साली निघालेला 'माफिया ३' नावाचा तो खेळ. काळ १९६८चा, अमेरिकेच्या दक्षिणेतले एक कल्पित शहर. नायक लिंकन क्ले हा व्हिएतनामच्या लढाईतून परतलेला काळा सैनिक. काही दुकानांत त्याने पाऊल टाकले की मालक त्याला बाहेर व्हायला सांगतो. तो हलला नाही तर पोलिसांना बोलावतो.

"पण मी काहीच केलं नाही!" चिरंजीवांचा चेहरा खरोखरच पडला होता.

मला महाड आठवले. इथून तीन-चार तासांच्या वाटेवर. तिथल्या नगरपालिकेने १९२४ सालीच चवदार तळे सर्वांना खुले केले होते, पण ते कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसे तळ्याचे पाणी प्याली. त्याच दिवशी त्या माणसांवर लाठ्या पडल्या. मागाहून पंचगव्याने तळ्याची 'शुद्धी' झाली! हायकोर्टात हक्क शाबीत व्हायला १९३७ साल उजाडले. वर्गात हे मी किती वर्षे सांगत आलो. मुले तारखा उतरवून घेतात; चेहरा कुणाचा पडत नाही.

सारे चिरंजीवांना सांगितले. वर म्हटले, "तुझ्या लिंकनकडे बंदूक आहे. महाडला बाबासाहेबांनी मार खाल्लेल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. शिवाय तुला खेळ बंद करता येतो." आणि स्वतःवरच खूश झालो.

त्याने खेळ थांबवला. "बाबा, तुमच्या आजोळचं घर विकायला गेलो होतो, तेव्हा मागच्या पडवीत कोनाड्यात एक कान तुटलेला कप होता. कुणाचा, म्हणून मी विचारलं होतं. तुम्ही बोलला नाहीत."

"लाकडं फोडायला एकजण यायचे, त्यांचा. चहा पिऊन ते स्वतःच विसळून ठेवायचे."

"म्हणजे या खेळात आपण लिंकन नाही, बाबा. आपण दुकानदार."

आजीच्या हातच्या घावनांवर मी मागे एक निबंध लिहिला होता. चांगला वठला होता, लोक म्हणाले. त्यात तो कप नाही.

गठ्ठा तसाच राहिला. त्या माणसाचे नाव मी अजून आठवून पाहतो आहे.