खापरपणजी चेरोकी होती म्हणे

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत चार-पाच वर्षं काढली, की एक वाक्य हमखास कानावर येतं: "आमची खापरपणजी चेरोकी होती." सांगणारा बहुतेक वेळा गोरा असतो. कागद कोणाकडेच नसतो, आजीने सांगितलेलं असतं. कित्येकदा ही खापरपणजी नुसती चेरोकी नसते, 'चेरोकी राजकन्या' असते. चेरोकींमध्ये राजेच नव्हते, मग राजकन्या कुठून आली, हे मात्र कोणी विचारत नाही.

मी मूळचा बडोद्याचा, नोकरीनिमित्त अटलांटात असतो. ऑफिसमधल्या माझ्या एका मित्राच्या घरातही ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्याच्या आईची पंच्याहत्तरी जवळ आली, तेव्हा तिला त्या खापरपणजीचा कागदोपत्री पुरावा भेट द्यायचा, असं त्याने ठरवलं. मला जुने कागद चाळायची हौस, म्हणून मीही त्याच्याबरोबर लागलो. कागदांआधी निदान ती जागा तरी बघू, असं म्हणून आम्ही एका शनिवारी न्यू एचोटाला गेलो.

अटलांटाहून उत्तरेला गाडीने सव्वा तास. कॅलहून गावाजवळ हायवे सोडला की मोकळं मैदान, थोडी झाडं आणि लांब-लांब उभी असलेली लाकडी घरं दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल, एखादं जुनं शेत आहे. पण १८२५ पासून ही चेरोकी राष्ट्राची राजधानी होती. इथे त्यांचं विधिमंडळ भरायचं, सर्वोच्च न्यायालय बसायचं. १८२७ मध्ये त्यांनी लेखी राज्यघटना स्वीकारली. आज दिसणाऱ्या बऱ्याचशा इमारती नव्याने उभारलेल्या किंवा दुसरीकडून आणलेल्या आहेत. मूळची, जागेवरची म्हणावी अशी एक मिशनरी सॅम्युअल वूस्टर यांचं घर.

मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो तो छापखान्यात. इथून २१ फेब्रुवारी १८२८ रोजी 'चेरोकी फिनिक्स'चा पहिला अंक निघाला, इंग्रजी आणि चेरोकी अशा दोन भाषांत. आपल्या बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' इंग्रजी-मराठीत निघालं ते ६ जानेवारी १८३२ ला. म्हणजे पृथ्वीच्या दोन टोकांना, चार वर्षांच्या अंतराने, दोन समाज एकाच खटाटोपात होते: आपली भाषा छापायची आणि शेजारी इंग्रजीही ठेवायची.

चेरोकी लिपीची कथा तर आणखी विलक्षण. सिक्वोया नावाचा माणूस, चांदीचं काम करणारा. त्याला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हतं. गोरे लोक कागदावर बोलणं पकडून ठेवतात एवढं त्याने पाहिलं आणि बरीच वर्षं खपून १८२१ च्या सुमाराला स्वतःची लिपी पुरी केली. प्रत्येक अक्षरसमूहाला, म्हणजे आपल्या का, की, कु अशा प्रत्येक उच्चाराला, एकेक स्वतंत्र चिन्ह. सगळी मिळून ८६, आता ८५ वापरात आहेत. बाराखडी येणाऱ्या माणसाला ही कल्पना लगेच कळते. गंमत म्हणजे काही चिन्हं रोमन अक्षरांसारखी दिसतात पण त्यांचा उच्चार भलताच: डीसारखं दिसणारं 'अ', डब्ल्यूसारखं 'ला', एमसारखं 'लु'. ती थोड्याच काळात इतकी पसरली, की काही वर्षांत पुष्कळ चेरोकी लिहू-वाचू लागले. पुढे १९५० च्या दशकात इथे उत्खनन झालं, तेव्हा मातीतून त्या छापखान्याचे शिशाचे खिळे सापडले.

एवढं सगळं असताना हे लोक इथून गेले कुठे? याचं उत्तर सोन्यात आणि जमिनीत आहे. १८२० च्या दशकाच्या अखेरीस जवळच्या डाहलोनेगा भागात सोनं सापडलं. १८३० मध्ये काँग्रेसने आदिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा केला. जॉर्जिया राज्याने चेरोकींच्या जमिनीचे तुकडे पाडले आणि १८३२ मध्ये त्यांची चक्क सोडत काढली. शेतजमिनीचे १६० एकरांचे तुकडे, सोन्याच्या पट्ट्यात ४० एकरांचे. मालक अजून घरात राहत होते आणि ड्रममधून गोऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या निघत होत्या. त्याच वर्षी वूस्टर यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की चेरोकींच्या भूमीवर जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. राज्याने तो मानला नाही.

डिसेंबर १८३५ मध्ये याच गावात मूठभर चेरोकींनी करारावर सह्या केल्या: पूर्वेची सगळी जमीन सोडतो, पश्चिमेला जातो. त्यांत 'फिनिक्स'चा पहिला संपादक इलायस बूडिनो होता. जाणं टळत नाही, निदान पदरात काही पाडून घ्यावं, असं त्याचं मत. प्रमुख जॉन रॉस यांनी विरोध केला आणि हजारो चेरोकींच्या सह्यांचा अर्ज वॉशिंग्टनला पाठवला, तरी सिनेटने करार मंजूर केला, लागणारं दोन-तृतीयांश बहुमत एकाच मताच्या फरकाने गाठून. १८३८ च्या मेमध्ये सैनिकांनी घराघरांतून माणसं काढली. सुमारे १६,००० चेरोकींना आजच्या ओक्लाहोमात नेलं, त्यांपैकी सुमारे ४,००० त्या काळात दगावले असा अंदाज आहे. यालाच 'अश्रूंची वाट' म्हणतात. जून १८३९ मध्ये बूडिनोला त्याच्याच लोकांनी ठार केलं. राष्ट्राच्या संमतीशिवाय जमीन देणाऱ्याला चेरोकी कायद्यात देहदंड होता.

न्यू एचोटात बूडिनोच्या बायकोची कबर आहे. हॅरिएट गोल्ड, कनेटिकटची गोरी मुलगी. तिच्या लग्नावरून माहेरच्या गावात एवढं वादळ उठलं, की लोकांनी तिचा पुतळा जाळला. चेरोकींच्या बाजूनेही एक अडचण होतीच. त्यांच्यात कुळं सात, लांडगा, हरीण, पक्षी वगैरे, आणि एका कुळात लग्न होत नाही. आपल्या गोत्रासारखंच, फक्त कूळ येतं आईकडून. मुलांवर बापापेक्षा मामाचा अधिकार मोठा. मग आई गोरी असेल तर मुलाचं कूळ कोणतं? १८२५ मध्ये त्यांच्या परिषदेने कायदाच केला, की चेरोकी बाप आणि गोरी आई यांची मुलंही चेरोकी राष्ट्राची नागरिक. म्हणजे 'चेरोकी कोण' हे ते लोक दोनशे वर्षांपूर्वीही स्वतःच ठरवत होते, आणि ते ठरवताना फक्त रक्त मोजत नव्हते.

आजही ते तसंच आहे. अमेरिकन सरकारने मान्य केलेली चेरोकी राष्ट्रं तीन. ओक्लाहोमातलं चेरोकी नेशन सगळ्यात मोठं, साडेचार लाखांहून जास्त नागरिक. तिथे १८९८ ते १९०७ च्या दरम्यान तयार झालेल्या 'डॉज यादी'त तुमचा थेट पूर्वज सापडला पाहिजे, मग रक्ताचं प्रमाण कितीही कमी असो. दुसरं तिथलंच युनायटेड कीटूवा बँड, आणि तिसरं नॉर्थ कॅरोलायनातलं ईस्टर्न बँड. ईस्टर्न बँडसाठी १९२४ च्या 'बेकर यादी'त पूर्वज हवा आणि चेरोकी रक्त निदान एक-सोळांश हवं. थुंकी पाठवून केलेली डीएनए चाचणी यांपैकी कोणीच धरत नाही. आपल्याकडे जातपडताळणीसाठी पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत जावं लागतं, तसाच हा प्रकार: एकेक जन्मदाखला, मृत्यूदाखला, जनगणना असं मागे-मागे जात यादीपर्यंत पोचायचं.

या याद्याही निर्मळ नाहीत. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत नाव आपण हौसेने लिहवून घेतो. डॉज यादी सरकारने केली ती समाईक जमीन वाटून टाकण्यासाठी, म्हणून कित्येक चेरोकींनी नाव द्यायलाच नकार दिला. चेरोकींनी गुलामही बाळगले होते. मुक्त झालेल्या त्या कृष्णवर्णीयांची नावं वेगळ्या यादीत टाकली गेली, आणि त्यांच्या वंशजांचं नागरिकत्व न्यायालयात पक्कं व्हायला २०१७ साल उजाडलं.

आता मित्राच्या शोधाबद्दल. डॉज आणि बेकर या दोन्ही याद्यांत काही मिळालं नाही. मग आम्ही गायन मिलर यांच्या कागदांकडे वळलो. जुन्या करारांच्या भरपाईचे पैसे वाटायचे होते, तेव्हा १९०६ नंतर सुमारे ९०,००० लोकांसाठी दावे आले होते. मान्य झाले सुमारे ३०,०००. या अर्जांची सूची ऑनलाइन शोधता येते. तिथे खापरपणजीच्या सख्ख्या भावाचं नाव निघालं! अर्ज मागवला. माझी आजी चेरोकी होती असं ऐकून आहे, असं त्यात त्याने लिहिलं होतं. शेरा होता: नामंजूर, पूर्वज कोणत्याही यादीत नाही. म्हणजे घरातली गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीही ऐकीवच होती.

मित्र थांबला नाही. त्याच घराण्यात आणखी मागे जाताना त्याला एका यादीत पूर्वज सापडला. ती १८३२ च्या सोडतीत नंबर लागलेल्यांची यादी होती. १६० एकर. जो आपला पूर्वज असावा असं वाटत होतं, त्याच्या घरावर ज्याची चिठ्ठी निघाली, तो आपला पूर्वज निघाला.

मित्र दोन दिवस काही बोलला नाही. मग त्याने दोन्ही कागद आईला दाखवले. ती म्हणाली, "माझ्या आईला हे माहीत असतं, तर तिने राजकन्येचीच गोष्ट सांगितली असती." मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटलं. जिथून माणसं हाकलली तिथेच राहायचं, तर आपणही त्यांतलेच असं मानणं मनाला सोपं जातं. त्यात कोणी मुद्दाम खोटं बोलत नसतं. पण त्या गोष्टीने खऱ्या चेरोकींचं काही भलं होत नाही. ते इतिहासजमा झालेत, आता त्यांची आठवण काढायला आपणच उरलो आहोत, असं मात्र तिच्यामुळे वाटायला लागतं.

ते इतिहासजमा झालेले नाहीत हे पाहायचं, तर अटलांटाहून तीन-साडेतीन तासांवरच्या चेरोकी गावाला जा. ईस्टर्न बँडचे लोक इथे राहतात. काहींच्या पूर्वजांना इथे राहण्याचा हक्क होता, काही डोंगरांत लपून राहिले. रस्त्यांच्या पाट्यांवर सिक्वोयाची लिपी आहे. चांगलं वस्तुसंग्रहालय आहे. मुलांना पूर्ण वेळ चेरोकीत शिकवणारी शाळा आहे. भाषा अस्खलित बोलणारे मात्र थोडे आणि बहुतेक वयस्कर, म्हणून २०१९ मध्ये तिन्ही राष्ट्रांनी मिळून भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली. माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो: ही लिपी १९९९ मध्ये युनिकोडमध्ये आली, त्यामुळे आज तिथली नात आजीला फोनवरून चेरोकीत निरोप पाठवू शकते. आपण देवनागरीत सहज टाइप करतो त्यामागेही असाच कोणाचा तरी खटाटोप आहे.

जवळच ग्रेट स्मोकीचं सर्वांत उंच शिखर आहे. त्याचं क्लिंगमन्स डोम हे नाव जाऊन सप्टेंबर २०२४ मध्ये मूळचं कुवोही हे नाव परत आलं. आणि ब्रायसन सिटीच्या वाटेवर किटुवा आहे, चेरोकी ज्याला आपलं आईगाव मानतात. नांगर फिरून-फिरून झिजलेला, जेमतेम जाणवणारा मातीचा उंचवटा. दीडशेहून जास्त वर्षं तो दुसऱ्यांच्या शेतात होता. १९९६ मध्ये ईस्टर्न बँडने ती ३०९ एकर जमीन पैसे मोजून विकत घेतली. सोडतीत गेलेली नाही, पण आपलीच जमीन, बाजारभावाने.

तुमच्यापैकी कोणी शिकायला किंवा नोकरीला अटलांटाकडे आलात, तर न्यू एचोटा सकाळी करा आणि चेरोकी गावाला एक मुक्काम ठेवा. किटुवाच्या उंचवट्यावर चढू नका, लांबूनच बघा. आणि कोणी सांगितलं, की आमची खापरपणजी चेरोकी होती, तर हसू नका. तिचं कूळ कोणतं होतं, एवढंच विचारा.