अवलंबित कोण?

१/ प्रवेशअर्जावर शुल्कसवलतीचे रकाने होते : माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त. कामावर मृत्यू पावलेल्या कामगाराच्या मुलासाठी रकाना नव्हता. २०१८ साली महाडात माझ्या मित्राने तो अर्ज कोराच परत केला. त्या न छापलेल्या रकान्याचा इतिहास सांगणारा हा धागा.

२/ आम्ही दोघे पोलादपूरहून एकाच एस.टी.ने महाडला येत असू. त्याचे वडील औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात होते. एका रात्रपाळीत अपघात झाला आणि ते परतले नाहीत. मित्र तेव्हा १९ वर्षांचा होता; पदवीची दोन वर्षे उरली होती.

३/ कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ चा. तेव्हा मृत्यूची भरपाई होती ३० महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये, यांतील जी रक्कम कमी असेल ती. १९८४ च्या दुरुस्तीने मृताचे वय हिशेबात आले : वय जितके कमी, तितका गुणक मोठा. मुलांच्या शिक्षणाची किती वर्षे उरली आहेत, हे त्या कोष्टकाने विचारले नाही.

४/ याहून बोलकी ‘अवलंबित’ या शब्दाची व्याख्या. तीत विधवा होती, अविवाहित मुलगी होती, आणि मुलगा असेल तर तो ‘अज्ञान’ हवा. १९२३ साली अज्ञान म्हणजे १५ वर्षांखालील. पुढे ही मर्यादा १८ झाली. त्यानंतर धडधाकट मुलगा कमावता होणार, हे गृहीतच होते.

५/ म्हणजे महाविद्यालयाचे दार उघडते, नेमके त्याच वयात कायद्याच्या लेखी मुलाचे अवलंबित्व संपत असे. भरपाई आईला मिळाली. ती घराचे कर्ज आणि आजीचे औषधपाणी यांत गेली.

६/ राज्य कामगार विमा कायद्याने २०१० च्या दुरुस्तीनंतर मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत अवलंबित मानले. पण २०१७ पासून या विम्याची वेतनमर्यादा २१,००० रुपये. मित्राच्या वडिलांचे वेतन तिच्या किंचित वर होते.

७/ तोडगा अशक्य नाही. राज्याचे बांधकाम कामगार मंडळ नोंदित कामगारांच्या मुलांना पदवीसाठी वर्षाला २०,००० रुपये देते. हा पैसा बांधकाम खर्चावरील १ टक्का उपकरातून येतो. धोक्याच्या उद्योगांनाही हीच रीत लावता येईल.

८/ नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडच्या वसाहतीतील एका औषध कारखान्यात आग लागून ११ कामगारांचा बळी गेला. बातम्या वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न होता : यांची मुले कितवीत असतील?

९/ भरपाई हरवलेल्या मिळकतीची असेल, तर त्या मिळकतीतून भरली जाणारी फीसुद्धा तिच्यातच आली. शुल्कमाफी मागताना कुणी दया मागत नसते. मी आज इतिहासात एम.ए. करतो आहे; मित्र त्याच वसाहतीत रात्रपाळी करतो. त्या अर्जावर अजून एक रकाना छापायचा राहिला आहे.