तारेवरचें बोट

अलोरे येथें कोळकेवाडी धरणाच्या पाण्यावर चालणारें वीजगृह आहे. पाण्याच्या बळाचा धडा घ्यावयास याहून चांगली जागा कोणती? परंतु लहरींचा धडा आम्हांस मिळाला तो माजघरांतील जुन्या मिरजी तंबोऱ्यावर, आणि तोहि साठी उलटल्यावर.

आमची नात गणिताची विद्यार्थिनी. दिवाळीच्या सुटींत आली असतां तिनें तार छेडली, बरोबर मध्यावर बोट हलकेंच टेकविलें आणि विचारिलें, "आजोबा, थांबला का नाद?" थांबला नव्हता. मूळ षड्ज विरला, वरचा मात्र स्पष्ट ऐकूं येत होता.

आम्ही वरमलों. तीस वर्षांपूर्वीं वर्गांत एका मुलानें हेंच सांगितलें होतें : "मध्यें बोट लावलें तरी वाजते, गुरुजी." आम्ही संस्कृतचे शिक्षक, त्या दिवशीं विज्ञानाचा तास बदली म्हणून घेत होतों. आम्हीं त्याला उद्धट ठरवून तास संपेपर्यंत उभें केलें.

नातीनें उलगडा केला. तारेचें कंपन म्हणजे अनेक लहरींचें मिश्रण. दुसऱ्या लहरींत मध्यबिंदु मुळींच हलत नाहीं. जेथें हालचालच नाहीं तेथें बोट ठेवून तिला आवरणार कसें? तृतीयांशावर टेकवावें, तर तिसरी निसटते. अपूर्णांकानें न सांगतां येणारी जागा निवडली तरी कांहीं लहरींवर सत्ता अगदींच क्षीण चालते. उपाय एकच, बोट सरकतें ठेवावें. दोन्ही टोकांस बांधलेल्या तारेवर एकच बिंदु योग्य मार्गानें सरकत राहिला, तर पुरेशा वेळांत सर्व लहरी ताब्यांत आणतां येतात, हें कार्लोस कास्त्रो या स्पॅनिश गणितज्ञानें २०१३ सालीं सिद्ध केलें आहे.

(प्रयोगापूर्वीं तिनें घोडीवरचें सूत काढून ठेविलें होतें. त्या सुताच्या योगानें, नियमाप्रमाणें मुके राहावयाचे स्वरहि तंबोऱ्यांत बोलतात, हें रामन यांनीं १९२१ सालीं दाखविलें. आम्ही तें सूत इतकीं वर्षें केवळ शोभेचें समजत होतों!)

मग तिनें आमचें बोट तारेवर धरून किंचित् सरकविलें. तार गप्प झाली.

तो मुलगा सांप्रत चिपळुणांत दुकान चालवितो. दुसऱ्याच दिवशीं आम्ही एस्टीनें गेलों. त्याला तो तास आठवत होता. त्यानें खुर्ची पुढें केली. आम्हीं आधीं उभ्यानेंच सांगावयाचें तें सांगितलें.