फक्त दोनशे!

‘लिमिटेड एडिशन’ या दोन शब्दांत काय जादू आहे कोण जाणे. घड्याळावर लिहा, परफ्यूमवर लिहा, मॉलमधल्या साध्या टी-शर्टवर लिहा, आपला हात आपोआप पाकिटाकडे जातो. आणि हेच शब्द एखाद्या लालबुंद स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डवर, छोट्याशा चकचकीत पट्टीवर, नंबरासकट कोरलेले असले की मग विचारूच नका! एरवी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी मुलंही हळवी होतात. (मुलीसुद्धा होतात. माझ्या हॉस्टेलच्या कपाटावर शाहरुख नव्हता, फेरारी एफ-४० होती.)

दोनेक वर्षं मी एका पुरवणीसाठी गाड्यांवर लिहीत होते. तेव्हापासून ग्रुपमध्ये मी ‘गाडीवाली’. त्यामुळे गेल्या महिन्यात हिंजवडीतल्या एका मित्राचा फोन आला तो मलाच. “अगं, ऑक्टाविया आरएस २४५ मिळतेय, सेकंडहँड. भारतात फक्त दोनशे आल्यात. मालक चार लाख जास्त मागतोय, पण कलेक्टिबल आहे यार. दहा वर्षांनी दुप्पट!” पैसे कुठले, तर पुनावळ्याच्या फ्लॅटच्या डाऊन पेमेंटसाठी साठवलेले. लग्न डिसेंबरात. होणाऱ्या बायकोला अजून सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच नाही.

मी म्हटलं, मला दोन दिवस दे.

आता ‘कमी आहेत म्हणजे महाग होणार’ हे गणित ऐकायला एकदम सॉलिड वाटतं. त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे फेरारी २५० जीटीओ. १९६२ ते १९६४ या काळात अवघ्या ३६ बनल्या. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या लिलावात त्यातली एक ४ कोटी ८४ लाख डॉलर्सना गेली. पण गंमत बघा, ही गाडी कुणी ‘कलेक्टर्स’साठी बनवलीच नव्हती. ती शर्यतीसाठी होती. खरं तर त्या गटात उतरायचं तर शंभर गाड्या बनवायला हव्यात असा नियम होता आणि फेरारीनं ‘ही आमच्या जुन्याच मॉडेलची सुधारित आवृत्ती’ असं सांगून तो पार केला. पुढे शर्यतीत ती जुनी झाल्यावर तिला कुणी फारसं विचारेना. एक तर टेक्सासमधल्या शाळेला देऊन टाकली होती, मुलं तिच्यावर गॅरेजचं काम शिकत होती! ३६ हा आकडा तेव्हाही ३६च होता. तो पवित्र झाला नंतर, ही गाडी काय होती हे लोकांच्या लक्षात आल्यावर.

आणि माझ्या कपाटावरची एफ-४०? १९८७ साली आली तेव्हा सुमारे ४०० बनवायचं ठरलं होतं. एन्झो फेरारी यांनी स्वतः पसंतीची मोहोर उठवलेली ही शेवटची गाडी, दुसऱ्याच वर्षी ते गेले. मागणी एवढी की कंपनीनं १९९२ पर्यंत तेराशेच्या वर बनवल्या. म्हणजे ‘लिमिट’चा पार बोऱ्या. तरी आज चांगली एफ-४० लिलावात वीस लाख डॉलर्सच्या पुढे जाते.

तिच्यासमोर जॅग्वार एक्सजे-२२० ठेवा. १९८८ च्या बर्मिंगहॅम शोमध्ये ती दिसली आणि श्रीमंत मंडळींनी पन्नास-पन्नास हजार पौंड भरून रांग लावली. त्यातल्या कितीतरी जणांना गाडी चालवायचीच नव्हती, नंबर आला की चढ्या भावानं विकायची होती. आपल्याकडे नव्या स्कीममध्ये फ्लॅट बुक करतात ना, अगदी तस्सं. मग काय झालं? गाडी १९९२ मध्ये आली तेव्हा दाखवलेलं व्ही-१२ इंजिन जाऊन व्ही-६ टर्बो बसलं होतं, किंमत २ लाख ९० हजार पौंडांवरून साडेचार लाखांच्या वर गेली होती आणि जगात मंदी होती. बुकिंगवाले पळू लागले, प्रकरणं कोर्टात गेली. ३५० ची मर्यादा ठेवलेली गाडी २८० च्या आसपास थांबली. एफ-४० पेक्षा कितीतरी दुर्मीळ आणि तिच्याहून कितीतरी स्वस्त! (वाईट गाडी नव्हती हं. तिच्या काळातल्या सर्वांत वेगवान गाड्यांपैकी एक. मला अजून आवडते.)

पण मित्राला मी खरी गोष्ट सांगितली ती १९७८ च्या कॉर्व्हेटची. इंडियानापोलिसच्या शर्यतीत पुढे धावणाऱ्या ‘पेस कार’ची काळी-चंदेरी प्रतिकृती. सुरुवातीला थोड्याच काढायच्या होत्या, मग प्रत्येक डीलरला निदान एक मिळालीच पाहिजे असं ठरलं आणि आकडा गेला ६,५०२ वर. तोवर ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं पहिल्या पानावर सट्टेबाजीची बातमी छापली होती. १३,६५३ डॉलर्सच्या गाडीला लोक दुप्पट मोजू लागले. सीटवरचं प्लास्टिकही न काढता गाड्या गॅरेजात बंद केल्या, मुलांच्या कॉलेजची सोय म्हणून! पण हजारो जणांनी एकाच वेळी एकच खजिना जपून ठेवला, तर तो खजिना कसला? महागाई हिशेबात धरली तर बहुतेकांचे मुद्दलही सुटले नाहीत. आणि गाडी चालवलीच नाही, हे वेगळंच.

हे जुनं झालं म्हणाल, तर पोर्शा ९११ आर घ्या. २०१६ साली मोजून ९९१ गाड्या, साध्या हातानं गिअर टाकायच्या. भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट. पुढच्याच वर्षी कंपनीनं त्याच धाटणीची जीटी-३ टूरिंग काढली, तीही मॅन्युअल, तीही मर्यादेशिवाय. ९११ आरचा भाव उतरला. आपल्याकडेही २०१६ मध्ये फोक्सवॅगन पोलो जीटीआय आली, पहिल्या खेपेत ९९. किंमत २६ लाखांच्या आसपास. वर्षभरात जवळजवळ सहा लाखांनी उतरवली. लिमिटेड एडिशनवर सेल!

मग ऑक्टावियाचे दोनशे कुठले? परदेशात हीच गाडी कुठल्याही शोरूममध्ये मिळायची. २०२० साली ३६ लाखांना भारतात आली ती तेवढी खेप दोनशेची होती, इतकंच. गाडी म्हणून मस्त आहे, २४५ हॉर्सपॉवर, मागे चार माणसांची बॅग मावते. पण ‘ठेवायची’ म्हटलं तर पंधरा वर्षांनी आरटीओत पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर, मिळतील न मिळतील असे सुटे भाग, पुण्याचा पाऊस आणि सोसायटीच्या पार्किंगमधली मुलं. हे सगळं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे घेऊ नको?” मी म्हटलं, चालवायला घे. तेवढ्याच किमतीत, जेवढी चालवायच्या गाडीची असते. चार लाख त्या आकड्याचे आहेत, ते देऊ नकोस. आणि आधी घरी बोल.

घरी बोलला. फ्लॅटचं बुकिंग झालं. ऑक्टावियाच्या मालकाला त्यानं चार लाख कमी करून ऑफर दिली आहे, वर्षभर थांबलात तर घेतो म्हणून. मालक अजून ‘बघू’वर आहे.

जाता जाता त्यानं एक प्रश्न विचारलाच, “मग आपल्याकडची खरी कलेक्टिबल कुठली?” मी सचिनची म्हटलं. २००२ मध्ये ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून फियाटनं भेट दिलेली आणि शूमाकरच्या हातून मिळालेली फेरारी ३६० मोडेना. तिच्या आयातशुल्काच्या माफीवरून २००३ मध्ये देशभर वाद झाला, शेवटी पैसे कंपनीनं भरले. २०११ मध्ये ती सुरतच्या एका व्यावसायिकानं घेतली आणि पुढच्या वर्षी सिनेमातही झळकली. मोडेना ही मुळी लिमिटेड एडिशन नव्हतीच, हजारोंनी बनली होती. डॅशबोर्डवर कसलीही पट्टी नाही.