वडा विरुद्ध पाव : वजन कमी करण्याच्या एका शर्यतीची गोष्ट



"डॉक्टर, आम्हाला एक पंच हवाय. वजनकाटा तुमचाच चालेल."

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी माझ्या दवाखान्यात एकदम आठ जण शिरले. एवढी माणसं एकत्र आली की एकतर लग्नातलं जेवण बाधलेलं असतं किंवा मारामारी झालेली असते. इथे तसं काहीच नव्हतं. आठही जण हसत होते.

ही मंडळी तिशी-पस्तिशीतली. आठवडाभर नोकरी करतात आणि शनिवार-रविवारी 'इम्प्रॉव्ह' करतात. म्हणजे काय, तर संहिता नाही, पाठांतर नाही. प्रेक्षकांतून कुणीतरी एखादा शब्द ओरडतो, समजा 'प्रेशर कुकर', आणि हे लोक त्यावर तिथल्या तिथे विनोदी प्रवेश उभा करतात. आपल्या तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या हेच करत आला आहे. 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके यांनी ऐनवेळी घातलेल्या जागा आठवणारे वाचक इथे असतीलच.

प्रयोग रात्री साडेदहाला संपतो. मग बारा वाजता भुर्जी-पाव, पावभाजी, वर मस्तानी. दोन वर्षांत सगळ्यांचे कपडे घट्ट झाले होते. कॅनडातल्या कॅल्गरी शहरात कीथ जॉन्स्टन यांनी १९७७ मध्ये 'थिएटरस्पोर्ट्स' नावाचा प्रकार सुरू केला. त्यात इम्प्रॉव्हचे दोन संघ प्रेक्षकांसमोर सामना खेळतात. आमच्या मंडळींना ते माहीत होतं, म्हणून त्यांनी वजनाचाही सामना ठरवला. चार जणांचा संघ 'वडा' आणि चार जणांचा संघ 'पाव'. मुदत १२ आठवडे. हरलेल्या संघाने भाजी मंडईवर प्रयोग करायचा. दुधी, दोडका, पडवळ आणि कारलं, प्रत्येकाने एकेक भूमिका घ्यायची.

मी आनंदाने हो म्हणालो. पंचाचंही वजन झालंच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. माझ्या कमरेचा घेर १०१ सेंटीमीटर भरला तेव्हा सर्वांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. (भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८०.)

शर्यतीचे नियम आणि माझी पहिली चूक

मी तीन नियम घातले. गुण किलोवर नाही, टक्क्यांवर. कारण ९८ किलोच्या माणसाला दोन किलो उतरवणं ५८ किलोच्या मुलीपेक्षा सोपं असतं. वजन दर रविवारी सकाळी उपाशीपोटी, त्याच काट्यावर. आणि उपास, जुलाबाची औषधं, पाणी तोडणं हे सगळं बाद.

मग सगळ्यांचं ब्लड प्रेशर घेतलं आणि विचारलं, "कुणाला काही त्रास?" आठ विनोदी कलाकारांना एकत्र हा प्रश्न विचारला की काय होतं, याची कल्पना करा. एकजण म्हणाला, "मला बायकोचा." दुसरी म्हणाली, "मला याचा." पाव संघातला चौतीस वर्षांचा, ९८ किलोचा गडी म्हणाला, "डॉक्टर, मी रात्री चार वेळा बाथरूमला जातो. तेवढंच माझं मॉर्निंग वॉक!"

सगळे हसले. मीही हसलो. हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

खरं तर अशी शर्यत सुरू करण्याआधी प्रत्येकाला बाजूला बसवून विचारपूस करायला हवी होती आणि रक्तातली साखर तपासायला हवी होती. 'तरुण मुलं आहेत, मजा चालू आहे' म्हणून मी ते सोडून दिलं.

पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने का उतरतं?

पहिल्या रविवारी सगळ्यांचं वजन एक ते अडीच किलोंनी उतरलं आणि जल्लोष झाला. मी त्यांना जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. हे सगळं चरबीचं वजन नव्हे.

आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा वापरला जातो आणि त्याबरोबर पाणीही जातं. बाहेरचं खारट खाणं बंद झालं की आणखी थोडं पाणी उतरतं. चरबीचा हिशेब वेगळा आहे. एक किलो चरबी जाण्यासाठी साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून वेग मंदावतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो, हा चांगला वेग समजावा.

इतरांचं तसंच झालं. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या रविवारी प्रत्येकाचं अर्धा-अर्धा किलो उतरत गेलं. फक्त आपला पाव संघातला गडी दर आठवड्याला दीड किलो उतरत होता. चार आठवड्यांत ९८ वरून ९१. संघाने त्याला कप्तान केलं. चौथ्या रविवारी त्याच्यासाठी कोथिंबिरीच्या जुड्यांचा हार आणला होता. तो हार त्याच्या गळ्यात मी घातला.

"रहस्य काय तुझं?" मी विचारलं.

"काहीच नाही डॉक्टर. उलट सध्या उसाचा रस जास्त होतोय. फार तहान लागते. ऊन वाढलंय ना."

रात्री वहीसमोर

त्या रात्री मी वहीत आकडे उतरवत होतो. सात जणांची रेघ खाली येऊन आडवी होत चालली होती. एकाची सरळ खाली जात होती. सातातले दोन किलो पाण्याचे धरले, तरी पाच किलो उरतात. म्हणजे ३८,५०० कॅलरी, अठ्ठावीस दिवसांत. रोजची जवळजवळ १,४०० कॅलरींची तूट! आणि हा माणूस रोज उसाचा रस पितोय.

मग ते मॉर्निंग वॉकचं वाक्य आठवलं. मी लगेच फोन लावला.

"रात्री खरंच चार वेळा उठतोस?"

"हो. आता पाच झाले."

"मला वाटलं तू विनोद केलास."

"विनोदच केला होता डॉक्टर. पण खरा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी साखर २९२. एचबीए१सी ११.४. लघवीत कीटोन नव्हते, एवढं नशीब. चौकशीत कळलं की दिवाळीत तो १०३ किलो होता. शर्यत सुरू होण्याआधीच पाच किलो उतरले होते आणि पँट सैल झाली म्हणून तो खूश होता.

मग खाल्लेलं जात कुठे होतं?

इन्सुलिन कमी पडलं किंवा त्याचा परिणाम होईनासा झाला की रक्तातली साखर पेशींमध्ये नीट शिरत नाही. ती साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडातून लघवीत उतरायला लागते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून लघवी जास्त आणि म्हणून तहान जास्त. घरात धान्य आहे, पण चुलीपर्यंत पोचत नाही, अशी अवस्था. मग शरीर भूक भागवायला स्वतःची चरबी आणि स्नायू मोडायला लागतं. काटा खाली जातो, लोक विचारतात, "जिम लावली का?"

लठ्ठ माणसाचं वजन उतरलं की आपण अभिनंदन करतो, चौकशी करत नाही. हडकुळा माणूस सात किलोंनी उतरला असता तर त्याला मी पहिल्याच आठवड्यात तपासलं असतं.

'हो, आणि...'

पाचव्या रविवारी त्याने स्वतःच सगळ्यांना सांगितलं. (हा लेखही त्याच्या परवानगीनेच लिहितोय.) पहिल्यांदाच त्या आठ जणांना काय बोलावं हे सुचलं नाही.

इम्प्रॉव्हचा एक मूळ नियम आहे : 'हो, आणि...' समोरच्याने जे मांडलं ते नाकारायचं नाही. ते मान्य करायचं आणि त्यात आपलं काहीतरी घालायचं. शेवटी वडा संघाची कप्तान म्हणाली, "हो, याला डायबेटीस आहे. आणि उद्या आपण सगळे रक्त तपासून घेणार आहोत."

सगळ्यांनी तपासलं. आणखी दोघांचं एचबीए१सी ५.७ ते ६.४ च्या मध्ये, म्हणजे डायबेटीसच्या उंबरठ्यावर निघालं. त्यांना मी चांगली बातमी दिली. अमेरिकेतल्या 'डायबेटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम' या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, धोका असलेल्या लोकांना सुमारे ७ टक्के वजन कमी करण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारख्या व्यायामाचं लक्ष्य दिलं होतं. त्यांच्यात डायबेटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं.

मग शर्यतीचे गुण बदलले. आठवड्याला १५० मिनिटं चालणं पूर्ण केलं की गुण, कमरेचा घेर कमी झाला की गुण, आणि आठवड्याला एक टक्क्याहून जास्त वजन उतरलं तर गुण नाही, उलट दवाखान्यात हजेरी.

आपल्या गड्याला काही आठवडे इन्सुलिन दिलं, मग गोळ्यांवर आणलं. त्याचं वजन आधी दोन किलो वाढलं. तो वैतागला, "डॉक्टर, औषधाने जाडा झालो!" त्याला समजावलं की लघवीतून वाहून जाणारं अन्न आता अंगी लागतंय. हे दोन किलो बरे होण्याचे आहेत. पुढे चालून-फिरून, जेवण बदलून तो बाराव्या आठवड्यात ९२ वर आला. जूनमध्ये एचबीए१सी ६.९ होतं.

तुमच्या ऑफिसात किंवा सोसायटीत अशी शर्यत असेल तर

- सुरुवातीलाच साखर, ब्लड प्रेशर आणि चालू औषधं तपासून घ्या. डायबेटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना एकदम खाणं कमी केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.
- गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि खाण्याबाबत आधी मानसिक त्रास झालेल्यांनी शर्यतीत उतरू नये.
- फार झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात.
- प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, तर डॉक्टरांना दाखवा. डायबेटीस, थायरॉइड, क्षयरोग, नैराश्य, कधी कॅन्सर, अशी अनेक कारणं असतात.

एप्रिलच्या शेवटी पाव संघ हरला आणि भाजी मंडईचा प्रयोग झाला. आपल्या गड्याने कारलं मागून घेतलं होतं. त्या सकाळचं वजन वहीत उतरवून मीही गेलो होतो. माझा घेर आता ९७ आहे, अजून मजल बाकी. प्रवेशात दुधी त्याला म्हणाला, "तू काय बाबा, तुझा रस प्याला की साखर गायब!" तर कारलं म्हणालं, "गायब साखर नाही होत, गोळ्या बंद करणारा पेशंट होतो. आधी डॉक्टरांना विचार!"

सभागृह हसलं. मीही हसलो. पण या वेळी वाक्यही ऐकलं.

तुमच्या घरातलं कुणी तहान, थकवा, रात्रीचं उठणं यावर विनोद करत असेल, तर जरूर हसा आणि मग एकदा विचारा, "खरंच का रे?"

काळजी घ्या.