एक नंबर, एक विद्यार्थी

आमच्या घरचा ऊस आहे. वाळवा तालुक्यातल्या कुठल्याही घराचा असतो तेवढाच, थोडासा. दिवाळीच्या आगेमागे टोळी यायची, बांधाच्या पलीकडे कोप्या पडायच्या. मी शाळेच्या रिक्षात बसून जायचो तेव्हा कोप्यांसमोर माझ्याच वयाची पोरं उभी असायची. ती शाळेत का जात नाहीत, हा प्रश्न इंजिनिअर होईपर्यंत मला पडला नाही. आजी म्हणायची, ‘बीडकडची हायती’, आणि तेवढं उत्तर मला पुरायचं.

पुढे पुण्यात नोकरी लागली. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही घोषणा सगळीकडे ऐकू येऊ लागली. पुढे मी एका छोट्या संस्थेत गेलो. स्थलांतरित कामगारांच्या मुलांसाठी शिकण्याचं अ‍ॅप करायचं होतं. पगार कमी होता, पण काहीतरी बरं करतोय असं वाटायचं. खोटं कशाला बोलू, मित्रांना सांगायला छानही वाटायचं.

लॉगिनचा भाग माझ्याकडे होता. पालकांचा मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येईल, खातं सुरू. एक नंबर, एक विद्यार्थी. शिवाय मी एक नियम घातला: एकाच खात्यावरून एका दिवशी सगळी उत्तरं बरोबर, दुसऱ्या दिवशी सगळी चूक, आणि वेग एकदम वेगळा, असं दिसलं तर ते खातं ‘तपासणीसाठी’ थांबायचं. कोणीतरी मुलाच्या जागी पेपर सोडवतंय, असा त्यामागचा तर्क. बैठकीत त्याचं कौतुक झालं.

जून ते सप्टेंबर बीड जिल्ह्यातल्या गावांमधले आकडे छान होते. दसऱ्यानंतर डॅशबोर्डवरची रेघ खाली आली आणि दिवाळीनंतर जवळजवळ जमिनीला टेकली. देणगीदारांसाठीच्या अहवालात कारणांचा परिच्छेद मी लिहिला. त्यातलं एक वाक्य अजून पाठ आहे: ‘शिकणाऱ्यांमध्ये सातत्याचा अभाव दिसतो.’

संस्थेतल्या एका ताईंनी तो अहवाल वाचला. त्या बीडमध्येच वाढलेल्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘अरे, ते गेलेत कारखान्याला. चल, दाखवते.’ त्यांच्याकडे टोळ्यांची यादी होती. त्यातला एक पत्ता आमच्या गावापासून चार किलोमीटरवर होता.

आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मोठी माणसं फडातच होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर तोडून फेडायची. पहाटे अंधारात बाहेर पडायचं, आणि गाडी रात्री भरायची असेल तर रात्रीही जायचं. कोपीसमोर सहावीतली एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन चूल पेटवत होती. तिचं नाव आमच्या यादीत होतं. तिच्या खात्यासमोर लाल खूण होती. ती खूण माझ्या नियमाने लावली होती.

ताईंनी तिला विचारलं, ‘अ‍ॅप का सोडलंस गं?’

ती आधी काही बोलेना. मग हळूच म्हणाली, ‘म्या कापी न्हाई केली, ताई.’

हळूहळू सगळं कळलं. फोन एकच, वडिलांचा. तो त्यांच्यासोबत फडात. रात्री परत आला की तो चार्जिंगला किराणा दुकानात. मधल्या अर्ध्या तासात ती, तिचा चौथीतला भाऊ आणि शेजारच्या कोपीतली चुलत बहीण तिघं एकाच खात्यावर अभ्यास करत. आधी ती सोडवायची, मग भावाला शिकवायची. तो चुकायचा. म्हणून उत्तरं कधी सगळी बरोबर, कधी सगळी चूक. मी ज्याला लबाडी समजलो होतो, ती शिकवणी होती. आमच्या अख्ख्या अ‍ॅपमध्ये तेवढं खरं शिकवणं दुसरं कुठं चाललं असेल का, मला शंका आहे.

एक दिवस पडद्यावर ‘तुमचे खाते तपासणीसाठी थांबवण्यात आले आहे’ असं आलं. तिला वाटलं, आपण पकडलो गेलो. वडील ओरडतील म्हणून तिने ते अ‍ॅपच काढून टाकलं. ते वाक्य मी लिहिलं होतं. ते वाचणारं माणूस बारा वर्षांचं असेल, हे लिहिताना डोक्यात आलं नव्हतं.

हे सगळं मी लिहिलंय, असं तिला सांगायचं होतं. जमलं नाही. ‘तुझी काही चूक नाही’ एवढंच म्हणालो. तिने मान हलवली आणि भाकरी उलटली.

परत आल्यावर आम्ही बरंच मोडलं. ओटीपी काढला, कारण तो ज्या फोनवर येतो तो फडात असतो. शिवाय रिचार्जविना काही महिने पडलेला नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्यालाच मिळतो. त्याच्यासोबत मुलाचा अख्खा अभ्यास का जावा? आता एका फोनवर कितीही मुलं, प्रत्येकाचं एक चित्र: मोर, बैल, आंबा. व्हिडिओ काढून आवाज आणि चित्रं ठेवली. धडे गावाकडे असतानाच फोनमध्ये उतरवून ठेवता येतात, मग फडात नेट लागत नाही. संशयाचा नियम मी स्वतः खोडला. काम सहा आठवड्यांचं होतं. त्यात तांत्रिकदृष्ट्या अवघड काहीच नव्हतं, हे जास्त लागतं.

यामुळे शाळेची जागा भरून निघते असं मी म्हणणार नाही. मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहं आहेत. स्थलांतरित मुलाला जवळच्या शाळेत सहज प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. ती नीट चालतात तिथे आमच्या अ‍ॅपची फार गरज पडत नाही. चालत नाहीत तिथे अर्ध्या तासाच्या फोनवर किती भार टाकायचा?

अहवालातलं ते वाक्य बदलून मी नवा मजकूर पाठवला. मिळाला असं उत्तर आलं, पण जुना कोणी मागे घेतला का, माहीत नाही.

यंदाचा हंगाम सुरू झालाय. रेघ पुन्हा खाली आली आहे. आता त्याची घाई होत नाही, कारण ऑफलाइन केलेला अभ्यास नेट मिळाल्यावर सर्व्हरवर येतो. तिने बैलाचं चित्र घेतलं होतं. त्या बैलाची शेवटची नोंद सप्टेंबरातली आहे. फोन नेटशिवाय असेल. बिघडला असेल. किंवा ती आता स्वतःच फडात जात असेल. तेरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत आणखीही एक शक्यता असते, ती ताईंनी सांगितली आणि मी लिहीत नाही. सर्व्हरला हे सगळं सारखंच दिसतं: रिकामी ओळ.

काल ताईंना फोन केला. शनिवारी त्यांच्यासोबत जातोय. टोळी यंदा कुठल्या कारखान्याला आहे, ते आधी शोधावं लागेल.